खेळाच्या मैदानातून विद्यापीठापर्यंत : इथल्या मूळनिवासी मुलांबद्दल थोडंसं



गेल्या डायजेस्टमधली "खेळ की अभ्यास" ही चर्चा वाचली. आपल्याकडे हा विषय निघाला की काय होतं ते ठाऊक आहेच. मुलाला शनिवारी क्रिकेटला न्यायचं की कोचिंग क्लासला, यावर घरोघरी महाभारत घडतं. पण त्या चर्चेत मध्येच एका सभासदाने लिहिलं होतं की, "इथल्या मूळनिवासी मुलांना फुटबॉलच्या नादी लावून त्यांचं वाटोळंच चाललंय. त्यापेक्षा ट्यूशन लावा." त्यावर दोन-तीन जणांचं "+१" सुद्धा आलं. मला हे पटलं नाही. का पटलं नाही ते जरा सविस्तर लिहितो. मेल लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे क्रिकेटपासून सुरुवात करू. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो, कोहली घरी परतला आणि मेलबर्नला अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढून सामना फिरवला. त्या बॉक्सिंग डे कसोटीचा सामनावीर म्हणून त्याच्या गळ्यात जे पदक पडलं ते 'जॉनी मलाघ पदक'. ते त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं, म्हणजे पहिला मानकरी आपला मुंबईकर. आपण सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. पण हा मलाघ कोण, हे किती जणांनी विचारलं?

जॉनी मलाघ हा व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातला अ‍ॅबोरिजिनल खेळाडू. १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ हा मूळनिवासी खेळाडूंचा होता. त्यांनी ४७ सामने खेळले, १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. मलाघने त्या दौऱ्यात १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. आणि मग काय झालं? लगेच पुढच्या वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरियात 'संरक्षणा'चा कायदा आला. मूळनिवासींनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं, हे सरकार ठरवू लागलं. लॉर्ड्सवर खेळून आलेल्या माणसांना स्वतःच्या मुलखात फिरण्याची मोकळीक राहिली नाही.

हे मुद्दाम आधी सांगतोय. "खेळाने सगळं बदलतं" असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. नुसत्या खेळाने हक्क मिळत नाहीत. टाळ्या वाजवणारा समाज सामना संपल्यावर दार लावून घेऊ शकतो. पण खेळ हा शिक्षणाचा शत्रू आहे, हेही तितकंच चूक. त्यासाठी दुसरी गोष्ट सांगतो.

चार्ल्स पर्किन्स हे नाव सिडनीकरांनी ऐकलं असेल, सिडनी विद्यापीठात त्यांच्या नावाचं मोठं केंद्र आहे. जन्म १९३६ चा, अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा. लहानपणीच त्यांना शिक्षणासाठी अ‍ॅडलेडच्या सेंट फ्रान्सिस हाउस या मुलांच्या वसतिगृहात आणलं गेलं. शाळेत फारशी चमक नाही, पुढे फिटर-टर्नरची उमेदवारी. आपल्या भाषेत सांगायचं तर आयटीआयचा मुलगा. पण फुटबॉल उत्तम. १९५७ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने चाचणीसाठी बोलावलं. नंतर ते बिशप ऑकलंड या क्लबकडून खेळले. तिथे असताना ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाशी सामना झाला आणि आपणही विद्यापीठात शिकावं हे त्यांच्या मनाने घेतलं.

विचार करा. कुठल्याही करिअर मार्गदर्शन शिबिराने केलं नसतं ते एका सामन्याने केलं. समोरची मुलं विद्यापीठात शिकतात, आणि मी त्यांच्याशी बरोबरीने खेळतो. मग तिथे मी का नाही? हा प्रश्न पडायला मैदानावर बरोबरीने उभं राहावं लागलं. वर्गात ती बरोबरी त्यांना कुणी दिली नव्हती.

ऑस्ट्रेलियात परतल्यावर त्यांनी मोठ्या वयात प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला. सिडनीत पॅन हेलेनिक क्लबकडून खेळायचं आणि त्या पैशावर शिकायचं, असं करत १९६६ मध्ये सिडनी विद्यापीठाची पदवी घेतली. ऑस्ट्रेलियात विद्यापीठाची पदवी घेणारे ते पहिले अ‍ॅबोरिजिनल पुरुष मानले जातात. मध्येच, फेब्रुवारी १९६५ मध्ये, विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून त्यांनी न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी 'फ्रीडम राइड' काढली. मोरी गावच्या पोहण्याच्या तलावात अ‍ॅबोरिजिनल मुलांना मज्जाव होता, तो त्यांनी तिथे धरणं धरून मोडून काढला. १९८४ मध्ये ते केंद्र सरकारच्या एका खात्याचे सचिव झाले. तिथवर पोचणारे पहिले मूळनिवासी. आज त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर मूळनिवासी विद्यार्थी ऑक्सफर्ड-केंब्रिजला जातात.

आणि ते एकटे नव्हते. त्याच वसतिगृहातले जॉन मोरिआर्टी. चार वर्षांचे असताना आईपासून तोडून नेलेले. १९६० मध्ये त्यांची ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघात निवड झाली, असा मान मिळालेले ते पहिले मूळनिवासी. फिफाने ऑस्ट्रेलियावर बंदी घातल्यामुळे खेळायला मात्र मिळालं नाही. पुढे त्यांनी फ्लिंडर्स विद्यापीठाची पदवी घेतली. क्वांटासची लाल रंगाची, अ‍ॅबोरिजिनल चित्रकलेने नटलेली विमानं आठवतात? ती त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या डिझाइन स्टुडिओची कामगिरी. तिसरे गॉर्डन ब्रिस्को, तेही फुटबॉलपटू, पुढे इतिहासात पीएचडी. एका वसतिगृहातली, एका मैदानावरची तीन मुलं.

आता मंडळी, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. ही मुलं कुठल्या क्लबांत खेळली? पर्किन्स अ‍ॅडलेडमध्ये क्रोएशियन लोकांच्या क्लबाकडून खेळले, सिडनीत ग्रीकांच्या. म्हणजे कालपरवा बोटीतून उतरलेले, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारे, स्वतःच इथल्या लोकांच्या शिव्या खाणारे स्थलांतरित. जेव्हा बाकीच्या समाजाने दारं लावून घेतली होती तेव्हा या लोकांनी आपल्या संघात जागा दिली, सामन्यानंतर आपल्या टेबलावर जेवायला बसवलं. त्यांना काही फार मोठं समाजकार्य करायचं नव्हतं. चांगला खेळाडू हवा होता, बस्स. पण त्यातून एका माणसाचं विद्यापीठाचं शिक्षण झालं, आणि पुढे एका देशाच्या इतिहासाला वळण मिळालं.

आपणही स्थलांतरितच आहोत. त्यांच्यापेक्षा कितीतरी सुखवस्तू. आपल्या क्रिकेट संघांत अकराच्या अकरा देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जाधव. फार तर एखादा गुजराती किंवा तेलुगू ओपनर. असो, याकडे शेवटी येतो.

आजची परिस्थिती काय? २०२१ च्या अधिकृत अंदाजानुसार मूळनिवासी म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक सुमारे ९,८४,०००, एकूण लोकसंख्येच्या ३.८ टक्के. २० ते २४ वयोगटातले बारावी किंवा तत्सम शिक्षण पूर्ण केलेले सुमारे ६८ टक्के. २०३१ पर्यंत हे प्रमाण ९६ टक्क्यांवर न्यायचं सरकारी उद्दिष्ट आहे. उलट एएफएलमध्ये किंवा रग्बी लीगमध्ये बघाल तर मूळनिवासी खेळाडूंचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी पट. म्हणजे गुण आहे, चिकाटी आहे, शिस्त आहे. ती मैदानावर दिसते आणि वर्गात दिसत नाही. दोष मुलांचा म्हणायचा की वर्गाचा?

या प्रश्नाला धरूनच २००० साली पर्थमध्ये क्लॉन्टार्फ नावाचा उपक्रम सुरू झाला. जेरार्ड नीशम हे एएफएलचे माजी प्रशिक्षक. त्यांनी एका शाळेत २५ मुलांना घेऊन फुटबॉल अकादमी काढली. नियम सोपा : शाळेत यायचं, वर्गात बसायचं, नीट वागायचं, तर खेळायला मिळेल. आज या अकादम्या देशभर पसरल्या आहेत आणि त्यांत दहा हजारांहून जास्त मुलगे आहेत.

कुणी म्हणेल, हे तर आमिष झालं. चॉकलेट दाखवून अभ्यास. मला तसं वाटत नाही. या अकादम्या कशा चालतात ते वाचलं तर लक्षात येतं की चेंडू हे निमित्त आहे. शाळेतच त्यांची एक खोली असते, रोज तिथे असणारी पूर्णवेळ माणसं असतात. सकाळी मुलगा आला नाही तर गाडी काढून घरी जाणारं कुणीतरी असतं. न्याहारी मिळते. बारावीनंतर नोकरी लागेपर्यंत पाठपुरावा होतो. आपल्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या शाळेत शिकले त्यांना पीटीचे सर आठवत असतील. गणिताच्या सरांना आपला रोल नंबर माहीत असायचा, पीटीच्या सरांना आपलं घर माहीत असायचं. कोण तीन दिवस आला नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्यांना बरोबर कळायचं. मुलाला शाळेत धरून ठेवतो तो असा माणूस. फक्त त्या माणसाला मुलाच्या आयुष्यात शिरायला खेळासारखं दार लागतं. ट्यूशनच्या मास्तरला ते दार सहजी उघडत नाही, कारण ट्यूशनची सुरुवातच "तुला येत नाही" इथून होते. खेळाची सुरुवात "तुला येतं" इथून होते.

पण, आणि हा मोठा पण आहे, बारावी म्हणजे विद्यापीठ नव्हे. शाळा संपवून नोकरी लागली की बहुतेक उपक्रमांचं काम संपतं. नोकरी वाईट असं कोण म्हणेल? पण डॉक्टर, वकील, इंजिनिअर, शिक्षक व्हायचं असेल तर पुढचा जिना वेगळा आहे. जागांचा प्रश्न आता बराच सुटलाय. २०२१ पासून दुर्गम आणि ग्रामीण भागातल्या, आणि २०२४ पासून शहरातल्याही पात्र मूळनिवासी विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षण सोडून बाकी अभ्यासक्रमांत सरकारी अनुदानाच्या जागेची हमी आहे. (इथे लगेच 'आरक्षण' म्हणून वाद सुरू करू नका, पात्रता विद्यापीठच ठरवतं, आणि कुणाची जागा काढून घेतली जात नाही.) खरा प्रश्न तिथे पोचण्याचा, आणि पोचल्यावर टिकण्याचा आहे. मोरिआर्टींचं जन्मगाव बोरोलूला, तिथून डार्विन रस्त्याने जवळजवळ हजार किलोमीटर. आई-आजी-भावंडं सोडून एवढ्या लांब जायचं, आणि वर्गात आपल्यासारखं कुणीच नाही. आपण पहिल्यांदा परदेशी आलो तेव्हा निदान फ्लॅटमध्ये तिघे-चौघे मराठी होते. डाळ-भाताचा कुकर होता. या मुलांना आपल्याच देशात परदेशी असल्यासारखं वाटतं.

आमच्या ऑफिसात काही वर्षांपूर्वी एक मूळनिवासी मुलगी उन्हाळी इंटर्न म्हणून होती. कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. कामाला चोख. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने सांगितलं की पहिल्या वर्षाच्या शेवटी ती शिक्षण सोडून घरी जायला निघाली होती. मार्क चांगले होते, पण वर्गात ती एकटी. मग तिच्या विद्यापीठाच्या संघातून ती नेटबॉल खेळायला देशभरातल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला गेली. तिथे तिला शेकडो मुलं-मुली भेटली, सगळी विद्यापीठात शिकणारी. कुणी कायदा, कुणी नर्सिंग, कुणी इंजिनिअरिंग. ती म्हणाली, "तिथे मला कळलं की मी काही चमत्कार नाहीये." मला हे वाक्य फार आवडलं. अपवाद म्हणून जगण्याचा थकवा असतो, तो एका आठवड्यात उतरला.

या स्पर्धेची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९९६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात अ‍ॅबोरिजिनल स्टडीजचा डिप्लोमा करणाऱ्या १३ विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून ती सुरू केली. आपण कॉलेजात प्रोजेक्ट केले, ते व्हायवानंतर कपाटात गेले. यांचा प्रोजेक्ट अजून चालू आहे, आता 'इंडिजिनस नॅशनल्स' या नावाने. टच फुटबॉल, नेटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, मुलं-मुली मिश्र संघात. आणि खेळायचं तर विद्यापीठात नाव असलंच पाहिजे. शिक्षणापासून दूर नेणाऱ्या खेळाची भीती ज्यांना वाटते त्यांनी हा नमुना बघावा.

आता खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत.

पहिली गोष्ट, "हे लोक जन्मजात खेळाडू असतात" हे कौतुक विषारी आहे. ऐकायला गोड, पण त्याचा अर्थ "डोक्याचं काम यांचं नव्हे" असा होतो. शिक्षकाच्या मनात हे एकदा बसलं की तो मुलाला गणिताच्या वरच्या वर्गाला पाठवत नाही, मैदानावर पाठवतो. आपल्याला उलट्या बाजूचा अनुभव आहे. "इंडियन म्हणजे गणितात हुशार" असं म्हणतात तेव्हा आपण हसतो, पण आपल्या मुलाला संघात शेवटी निवडतात तेव्हा टोचतं.

दुसरी, खेळाडू म्हणून डोक्यावर घेतात, पण तोंड उघडलं की खाली उतरवतात. अ‍ॅडम गुड्स दोनदा ब्राउनलो पदक जिंकलेला, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. वंशद्वेषाविरुद्ध बोलला म्हणून मैदानामैदानांवर त्याची हुर्यो उडवली गेली आणि २०१५ मध्ये तो निवृत्त झाला. एएफएलने माफी मागितली ती २०१९ मध्ये. त्याच गुड्सने मायकेल ओलॉफलिनबरोबर २००९ मध्ये मूळनिवासी मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी 'गो फाउंडेशन' सुरू केलं होतं. खेळातला पैसा आणि नाव शिक्षणाकडे वळवायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिसरी, मुलींचं काय? फुटबॉलच्या अकादम्या म्हटलं की मुलगे आले, देणग्या आल्या, खेळाडूंचे फोटो आले. मुलींसाठीचे असे उपक्रम मागाहून आले आणि अजूनही मागेच आहेत. आणि गंमत बघा, ऑस्ट्रेलियातली पहिली मूळनिवासी पदवीधर मानली जाते ती एक बाई. मार्गारेट विल्यम्स-वेअर, मेलबर्न विद्यापीठ, १९५९. विषय? शारीरिक शिक्षण. म्हणजे मैदान आणि विद्यापीठ यांचं नातं इथे पहिल्या दिवसापासून आहे, आणि ते एका मुलीने जोडलंय.

आपल्या महाराष्ट्राचं सांगायचं तर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. आदिवासी पाड्यावरची मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक. आपण 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून अभिमानाने लेख फॉरवर्ड करतो. पण खेळातून पुढे आलेल्या अशा मुलांबद्दल आपला प्रश्न कायम एकच असतो : सरकारी नोकरी लागली का? कॉलेज पुरं झालं का, हे कुणी विचारत नाही. पदक मिळालं नाही अशा शंभर मुलींचं काय झालं, हे तर नाहीच नाही. म्हणून इथल्या प्रयोगांकडे मी जरा आपल्या आश्रमशाळा डोळ्यासमोर ठेवूनही बघतो.

माझं मत थोडक्यात : खेळाचा उपयोग जरूर करावा, पण तीन कसोट्या लावून. एक, गुडघा दुखावला तरी मुलाची शिष्यवृत्ती चालू राहते का? राहत नसेल तर ती शिष्यवृत्ती नव्हे, मजुरी आहे. दोन, उपक्रम चालवणाऱ्यांत मूळनिवासी माणसं निर्णय घेतात का, की फक्त पोस्टरवर असतात? तीन, मैदानाच्या पलीकडे विद्यापीठात नेणारा माणूस आणि रस्ता ठरलेला आहे का? या तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर वाटोळं वगैरे काही होत नाही, उलट होतं.

आणि आपण? ऑक्टोबर २०२३ च्या 'व्हॉइस' सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी "नाही" म्हटलं. तेव्हा आपल्यात बरीच गरमागरमी झाली होती, ती उकरायची नाही. कुणी कसंही मत दिलं असो, पुढच्या दोन गोष्टींना कुणाची हरकत नसावी. आपल्यापैकी निम्मे लोक आयटीत आहोत. २००९ पासून 'करिअरट्रॅकर्स' ही संस्था मूळनिवासी विद्यार्थ्यांना पदवी पूर्ण होईपर्यंत कंपन्यांत पगारी इंटर्नशिप मिळवून देते. आपली कंपनी त्यात आहे का, एवढं एचआरला विचारायला एक मेल पुरते. आणि दुसरं, येत्या मोसमात आपण जी उन्हाळी क्रिकेट स्पर्धा भरवणार आहोत तिच्यासाठी जवळच्या विद्यापीठाच्या मूळनिवासी विद्यार्थी केंद्राला एक संघ पाठवायचं निमंत्रण द्यावं. उपकार म्हणून नाही, चांगला प्रतिस्पर्धी म्हणून. सामन्यानंतर पोहे-बटाटेवडे आहेतच. साठ वर्षांपूर्वी ग्रीक आणि क्रोएशियन लोकांना जे जमलं ते आपल्याला जमायला काय हरकत आहे?

निमंत्रणाचा मसुदा मी लिहायला तयार आहे. मैदान आणि वडे कोण बघणार ते सांगा. आणि "+१" च्या ऐवजी मुद्देसूद विरोध आला तरी आनंदच आहे.

चूभूद्याघ्या.

आपला,
एक मेलबर्नकर